लाईट हाय आन माग बंद

आमच्या बोळात नवी सून आली की पहिलं तिला बोलायला शिकवावं लागतं. मुकी आसती म्हणून न्हवं, तर वरडून बोलायला. मी मोहोळकडच्या खेड्यातली, आमच्याकडं दिवसभर आवाज म्हंजे कोंबड्या, वारा, आन कुणीतरी बांधावरनं मारलेली हाक. लग्न करून हितं सोलापुरात आले आन पहिल्याच सकाळी आत्याबाई, म्हंजे माझ्या सासूबाई, चुलीपाशी हुभ्या राहून मला कायतरी इचारत्यात आन मला नुसतं त्येंचं तोंड हाललेलं दिसतंय. पुढच्या खोलीत आमचे दोन माग, खटाक-फटाक खटाक-फटाक, टावेल विणत्यात. भिंतीपलीकडं नरसय्याकाकांचे चार, त्येंच्या पलीकडं आजून कुणाचे, भिंतीला भिंत लागून आख्खा बोळ तसाच. मला काय कळंना म्हणून मी पदर सावरत म्हणलं, "व्हय." त्येंनी परत इचारलं, मी परत म्हणलं, "व्हय." मंग त्येंनी माझ्या कानाला तोंड लावून सांगितलं तवा कळलं, त्या इचारत व्हत्या, दूध तू उतू घालवलंस का. दूध मांजरानं सांडलं व्हतं. पर मी दोनदा व्हय म्हणून मोकळी झाले व्हते, आता काय सांगणार.

माझा सोभावच आसला. भ्या वाटलं की पहिलं व्हय म्हणायचं, मंग इचार करायचा. दहावी झाली, स्थळ आलं, बाबांनी इचारलं, मी व्हय म्हणलं. पुढं शिकायचं व्हतं ते पोटातच राहिलं. आन भ्या तरी कशाकशाचं म्हणून सांगू, मामांचं भ्या, म्हंजे सासऱ्यांचं, त्ये कधी माझ्याशी येक शब्द बोलायचे न्हाईत, मागाकडं बघत बसायचे, तेवढ्यानंच भ्या. लाईटच्या बटणाचं भ्या. रिक्षात बसल्यावर कुटं उतरायचं ते सांगायचं भ्या. गुड्डी झाली तवा डॉक्टरीण बाई म्हणल्या, "काय व्हतंय ते सांग की गं," आन मी म्हणलं, "काय न्हाय." आता गुड्डी शाळेत जाती आन ह्या गोष्टी ऐकून पोट धरून हसती. म्हणती, मम्मी, तू येवढी भित्री व्हतीस तर मग मला रागवायला कुटनं शिकलीस? ते मी हितं लिवणारच हाय, कारण त्ये येकाच दिवशी शिकले.

रोगाच्या साली सगळे माग बंद पडले व्हते. बोळात पहिल्यांदाच येवढी शांतता पसरली की आत्याबाईंला झोप येईना. त्या म्हणायच्या, "डोक्यात कायतरी थांबल्यागत वाटतंय गं." आन त्याच शांततेत रोज कुणाच्या ना कुणाच्या घरची बातमी यायची. आमच्या बोळात आदीपासनंच रीत हाय, कुणी गेलं की माग बंद करायचा. आपल्या घरचं आसू दे, शेजारचं आसू दे, मयत उचलून न्हेईस्तवर खटका दाबायचा न्हाय. लाईट जाती तवा पर माग थांबतोच की, म्हणून बोळातल्या बायका पहिलं वर बघत्यात. पंखा फिरतोय का, बल्ब जळतोय का. लाईट गेली आसंल तर काय न्हाय, निवांत बसायचं, शेंगा निवडायच्या. पर लाईट हाय आन माग बंद, म्हंजे कोण तरी गेलं. हे कुणी कुणाला शिकवत न्हाय. त्या साली तर ह्या गोष्टीचं भ्या सगळ्यांच्या हाडात बसलं.

त्याच दिवसांत आमच्या अंगणवाडीच्या बाई मला म्हणल्या, बारावी नसली तरी येक तयारीची परीक्षा दिली की बाहेरनं बी.ए.ला घेत्यात, सगळं मोबाईलवर हाय, घरातनं हलायचं पर न्हाय. माग बंद व्हते, घरात सगळे रिकामे, मोबाईल पर रिकामा. मी ती परीक्षा दिली आन पास झाले. मंग माग सुरू झाले, बोळात परत खटाक-फटाक झालं, आत्याबाईंला झोप लागाय लागली, पर माझं कॉलेज मोबाईलातच राहिलं. घरात बसून बी.ए. करायचं म्हणलं की लोकांला वाटतं किती सोपं. आवो, घरात बसून काय व्हतंय ते घरात बसल्यावरच कळतंय.

पहिली गोष्ट मोबाईल. मोबाईल गुड्डीच्या पप्पांचा, आन त्ये टेम्पोवर. टावेलचे गठ्ठे बाजारात पोचवायचे म्हणल्यावर त्येंच्या खिशात मोबाईल पायजेच. वर्ग सकाळी आन टेम्पो पर सकाळी. मंग त्येंनी कुणाचा तरी जुना मोबाईल आणून दिला, काच फुटकी, मॅडमच्या तोंडावरनं आडवी चीर गेलेली. सहा महिने मला वाटायचं मॅडमच्या गालावर खूण हाय. नेट सकाळी फुल आसायचं आन वर्ग सुरू व्हायच्या आत संपायचं, कारण आत्याबाईंला गुड्डीला जेवू घालायला येक हत्तीचं गाणं लागायचं, त्या गाण्याशिवाय पोरगी तोंड उघडायची न्हाय. चार्जिंगचं बटण घरात येकच सरळ चालतंय आन त्याला आत्याबाईंची कांड्या भरायची मशीन लावलेली. कांडी म्हंजे धोट्यात, मागात हिकडनं तिकडं पळतोय त्येच्यात, बसती ती सुताची नळी, ती भरल्याबिगर माग चालत न्हाय, आन माग चालल्याबिगर घर. आता त्येंला मी कसं म्हणणार, तुमची मशीन काढा, मला समाजशास्त्र चार्ज करायचंय?

आन आवाज. मी मोरीत बसून बघितलं, पाणी भरायला कोणतरी यायचं. गच्चीत बसून बघितलं, उन्हानं मोबाईल तापून बंद पडायचा. शेवटी जागा सापडली ती पुढच्या खोलीतच, मागाच्या पलीकडं, टावेलच्या गठ्ठ्यांत. गठ्ठे छतापर्यंत रचलेले, मधी येका माणसापुरती फट. टावेल आवाज पितात. सगळा पीत न्हाईत, पर निम्मा तरी पितात. तितं मी मांडीवर गुड्डी, गुडघ्यावर मोबाईल, डोक्यावर पदर आसं बसायचे. कानात घालायच्या वायरी व्हत्या त्या गुड्डीनं चावून चावून येका कानाच्या केल्या व्हत्या. वर्गात माझ्यासारख्याच बाया व्हत्या. अकलूजची येक गोठ्यातनं बसायची, मॅडमनं काय इचारलं की आदी म्हैस उत्तर द्यायची. बार्शीची येक पोरगी यष्टीतनं वर्ग करायची, ठरलेल्या येका वळणावर तिचं तोंड तसंच थांबायचं, उघडं, आन पुढचं गाव आलं की मिटायचं.

मॅडम चांगल्या व्हत्या. येकदाच सुरवातीला म्हणल्या, "सगळ्यांनी आपली ओळख करून द्या." माझी पाळी आली, मी आवाजाचं बटण दाबलं, आन मी तोंड उघडायच्या आत आमच्या दोन मागांनी आन नरसय्याकाकांच्या चार मागांनी आपली ओळख करून दिली. मॅडमनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "कोणाकडे पिठाची गिरणी चालू आहे? बंद करा आधी ते." मी बटण दाबून गप. त्या दिवसापास्नं वर्षभर मी वर्गात येक शब्द बोलले न्हाय. हजेरीला हात वर करायची खूण दाबायची, बास. पर ऐकलं मात्र सगळं. आन पाठ कसं केलं ते सांगते, हसू नका. कांडीच्या मशीनला, मागाला, सगळ्याला येक ताल आसतोय. पुस्तकातलं वाक्य मी त्या तालावर बसवायचे. येका ठोक्याला येक शब्द. 'कुटुंबाची-कार्ये-पहिलं-संगोपन-दुसरं-संरक्षण', खटाक-फटाक-खटाक-फटाक. भाकरी थापताना, शेंगाची चटणी कुटताना, गुड्डीला आंघोळ घालताना तोंडात तेच. येकदा आत्याबाई म्हणल्या, "काय पुटपुटतीस गं, कुणाला शिव्या देतीस?" म्हणलं, "कुटुंबाची कार्ये." त्या म्हणल्या, "ती कर मंग. भांडी पडल्यात."

आता खरं सांगायचं तर आत्याबाईंला हे शिक्षण पसंत न्हवतं. वाईट न्हवत्या त्या, पर त्येंचे खांदे दुखायचे, आन मी कांड्याच्या मशीनवर बसले आसते तर त्येंला आराम पडला आसता. घरात बोलणं झालं तवा त्याच म्हणल्या, "येक वरीस बघा. पास झाली तर शिकू दे. नापास झाली, न्हायतर परीक्षाच बुडली, तर मोबाईल परत आन सूनबाई मशीनवर. परत इचारायचं न्हाय." गुड्डीचे पप्पा माझ्याकडं बघाय लागले. मामा मागाकडं बघत व्हते. आन मी, तुमाला माहीतच हाय, म्हणलं, "व्हय."

वर्ष सरत आलं आन मॅडमनं सांगितलं, लेखीच्या आदी तोंडी परीक्षा हाय. दुसरे सर घेणार. मोबाईलवरच, कॅमेरा चालू, आवाज चालू. कॉलेजच्या केंद्रावर जावं तर ते रोगापासनं आजून उघडलं न्हवतं. माहेरी जावं तर तितं चिंचेच्या झाडावर चढल्याबिगर रेंज येत न्हाय, आन लेकुरवाळी बाई झाडावर चढून बी.ए. कशी व्हणार? माग थोडा वेळ बंद ठेवा म्हणायचं तर कुणाला म्हणायचं? मामांला? ज्यांच्याशी मी आजवर 'चहा' हा येवढाच शब्द बोलले व्हते? मी गुड्डीच्या पप्पांला म्हणलं, तुमी सांगा. त्ये वडलांला दादा म्हणत्यात, त्ये म्हणले, "आई, दादांला सांग." आत्याबाई म्हणल्या, "मी न्हाय बाई सांगायची. आर्डर तोंडावर आलीया." आसं करत करत परीक्षेचा दिवस आला.

त्या दिवशी दुपारी मी गठ्ठ्यांत बसले आन मोबाईल टावेलच्या घडीवर टेकवून ठेवला. गुड्डीला आत्याबाईंकडं दिली व्हती. आन येकदम माझ्या कानात कायतरी फुटल्यागत झालं. आमचा येक माग थांबला. मंग दुसरा. मी फटीतनं वाकून बघितलं तर मामा मागाचा खटका बंद करून हुभे. माझ्याकडं बघितलं न्हाय. आत्याबाईंकडं वळून त्येंनी तोंडावर बोट ठेवलं आन म्हणले, "येक शब्द काढायचा न्हाय कुणी. काय बी झालं तरी." आत्याबाई येवढ्या चमकल्या की त्येंनी तितंच उंबऱ्यात बसकण मारली आन गुड्डीच्या तोंडात शेंगापोळीचा मोठा तुकडा कोंबला. मामा चपला घालून बाहेर गेले. थोड्या वेळानं नरसय्याकाकांचे चारी माग थांबले.

मामा तितं काय बोलले ते आमाला संध्याकाळी कळलं. सुनेच्या परीक्षेसाठी माग बंद ठेवतोय आसं सांगायची त्येंला लाज वाटली. चहाच्या टपरीवर गडी वर्षभर हसले आसते. म्हणून त्ये नरसय्याकाकांच्या दारात गेले, मान खाली घातली, गळ्यातला टावेल पिळला आन येवढंच म्हणले, "जरा बंद ठेव रं आज." नरसय्याकाकांनी वर बघितलं. पंखा फिरत व्हता. त्येंनी इचारलं, "काय झालं?" मामांनी नुसता हात हलवला, घसा खाकरला आन माघारी फिरले. आता हे बघून नरसय्याकाकांनी काय समजायचं? त्येंनी डोक्यावरची टोपी काढली आन माग बंद केले. त्येंचे बंद झाले म्हणून पलीकडच्यानं केले, त्येचे बंद झाले म्हणून त्येच्या पलीकडच्यानं. येक येक करत आख्खा बोळ गप झाला. आन मी गठ्ठ्यांत बसून मनात म्हणतीया, देवा, माझं नशीब किती चांगलं.

मोबाईलवर सर आले. वयस्कर व्हते, मागं पुस्तकांचं कपाट. नाव इचारलं, मी सांगितलं. सर हसून म्हणले, "वा, तुमच्याकडे किती शांत आहे. सकाळपासून पहिल्यांदाच नीट ऐकू आलं. हं, सांगा, कुटुंबाची कार्ये कोणती?"

माझं सगळ्यात पाठ उत्तर. झोपेत सांगितलं आसतं. मी तोंड उघडलं आन आत काय न्हाय. पहिला शब्दच सापडंना. ठोकाच न्हाय तर शब्द कशावर ठेवायचा? येवढ्या शांततेत मला माझाच श्वास ऐकू येत व्हता, धापा टाकल्यागत, लिंबाच्या झाडावरचा कावळा ऐकू येत व्हता, गुड्डी शेंगापोळी चघळती ती ऐकू येत व्हती. सर म्हणले, "घाबरू नका ताई, सावकाश." सावकाश म्हणल्यावर मी आजूनच घाबरले. आन तवाच दारात लक्ष्मीअक्का आल्या.

लक्ष्मीअक्का म्हंजे नरसय्याकाकांच्या बायको. तेलुगू घर, पर मराठी आमच्याहून फाकडू. त्या पदराचा बोळा तोंडात धरून आल्या, उंबऱ्यात बसलेल्या आत्याबाईंच्या गळ्यात पडल्या आन रडाय लागल्या, "अय्यो अय्यो अम्मा! काय झालं गं माझे आये! सकाळी तर भाऊजींला चहा पेताना बघितलं की मी!" आत्याबाईंला काय कळंना. त्येंनी तोंडावर बोट ठेवलं. लक्ष्मीअक्कांला वाटलं, दुःखानं वाचा बसली. त्येंनी हुंदका आजून वर न्हेला. त्येंच्या मागनं दुसरी आली, तिला कुणी सांगितलं व्हतं सूनच गेली, ती सरळ गुड्डीकडं धावली, "आगं माझे बाळ, येवढंसं लेकरू टाकून गेली गं आय!" आन गुड्डीला छातीशी धरलं. गुड्डीनं शेंगापोळीचं तोंड तिच्या पातळाला पुसून घेतलं. तिसरी आली ती कोण गेलं हे न इचारताच बसली, ती हुशार, रडता रडता कळंल म्हणली. आन आत्याबाई मधी बसून हिला बोट, तिला बोट, तोंडावर बोट. मामांनी सांगितलं व्हतं ना, काय बी झालं तरी.

सर मोबाईलमधनं डोळे मोठे करून बघाय लागले. "ताई, हा आवाज... घरात काही...?"

तेवढ्यात बाहेरनं मामा आले, गडबडीनं हात हलवत, "शू, शू." लक्ष्मीअक्कांनी मान वर केली. समोर मामा. अक्का किंचाळल्या, "हे तर चालत्यात!" दुसरी म्हणली, "मंग ती?" आन तिनं गठ्ठ्यांच्या फटीत बघितलं, मी पदर घेऊन, घामानं भिजून, डोळे फाडून बसलेली. ती आजून जोरात किंचाळली, "ही बी बसलीया!" आन तिसरी म्हणली, "मंग आपण रडतोय कुणाला?"

सरांनी चष्मा काढला. लई मायेनं म्हणले, "ताई, काळजी करू नका. तुमच्या घरी दुःखद प्रसंग दिसतोय. मी आज परीक्षा घेत नाही. तसं लिहून ठेवतो. पुढच्या वेळी, काही महिन्यांनी पुन्हा द्या."

काही महिन्यांनी. परीक्षाच बुडली तर, आत्याबाई म्हणल्या व्हत्या. मला मशीन दिसली, कांड्या दिसल्या, मोबाईल परत दिलेला दिसला. आन सवयीपरमाणं माझ्या तोंडात 'व्हय' आलं बी. अगदी दातापाशी आलं. सरांनी पेन उचललं, आन मी वरडले, "न्हाय! न्हाय सर! लिवू नका!"

घरातली रडारड जागच्या जागी थांबली. माझा आवाज येवढा मोठा हाय हे मला पर म्हाईत न्हवतं. मी थांबलेच न्हाय, थांबले आसते तर परत बोलता आलं नसतं. म्हणलं, "सर, कोण गेलं न्हाय, सगळी जित्ती हायती, आमच्या मामांनी माझ्या परीक्षेसाठी माग बंद केला, आन आमच्यात मयत झाल्याबिगर माग बंद करत न्हाईत, म्हणून ह्या बाया आल्यात, लाईट हाय आन माग बंद हाय म्हणून रडत्यात, तुमी बघा, हा बल्ब बघा!" आन मोबाईल उचलून मी सरांला आमचा बल्ब दाखवला, पंखा दाखवला, मंग मामा दाखवले, आत्याबाई दाखवल्या. आत्याबाईंनी सरांच्या समोर पर तोंडावरचं बोट काढलं न्हाय.

सर म्हणले, "बरं. बरं बरं. मग आता सांगा उत्तर."

आन परत तेच. शांतता. पोकळ डोकं. सगळी माझ्याकडं बघत्यात, कावळा पर बघत आसंल. तवा मला कळलं, की ही परीक्षा शांततेत व्हायची न्हाय. मी फटीतनं तोंड काढलं आन म्हणलं, "मामा, माग चालू करा."

मामांला वाटलं मी घाबरून कायतरी बरळती. त्ये हळूच म्हणले, "आगं, परीक्षा..."

"चालू करा म्हणती ना! दोनी!"

सासऱ्यांवर वरडले मी. पदर खांद्यावर आला व्हता तो पर तसाच. मामा दोन पावलांत मागापाशी गेले आन खटका दाबला. खटाक. फटाक. खटाक-फटाक. दुसरा लागला. आन माझ्या आत कुटंतरी धागा ओवल्यागत झालं, मी तोंड मोबाईलला लावलं आन सुरू केलं, "कुटुंबाची-कार्ये-पहिलं-संगोपन-दुसरं-संरक्षण," आन येक बी ठोका सोडला न्हाय. भिंतीपलीकडं नरसय्याकाकांनी ऐकलं, ह्येंचे माग लागले, म्हंजे कायतरी चुकलंय, त्येंनी पर लावले, मंग त्येंच्या पलीकडच्यानं. जितका आवाज वाढला तितकी मी वर चढले. सरांनी आवाज बारीक करायला हात पुढं केलेला मला दिसला. दुसरा प्रश्न इचारला, तो मला ऐकू आला न्हाय. मी म्हणलं, "सर, वरडून इचारा! हितं आसंच बोलत्यात!" आन ते पुस्तकांच्या कपाटापुढं बसलेले सर, गळ्याच्या शिरा ताणून वरडले, "सामाजिकीकरण म्हणजे काय?" मी पर वरडून सांगितलं. तिसरा इचारला, तो निम्मा आला, निम्मा माझ्या मनचा सांगितला. बाया गठ्ठ्यांपुढं दाटीनं हुभ्या, डोळे पुसत ऐकत्यात. शेवटी सरांनी दोन्ही हात वर केले, "झालं ताई, झालं! ठेवा आता!" आन मोबाईल काळा झाला. पास का नापास ते काय सांगितलं न्हाय. निकाल लेखीच्या नंतर लागणार व्हता.

लक्ष्मीअक्का मामांपुढं कमरेवर हात ठेवून हुभ्या राहिल्या. "भाऊजी, तोंड न्हवतं व्हय सांगायला? मी अर्धी भाकरी तव्यावर टाकून आले!"

मामा खाली बघत म्हणले, "सूनबाईची परीक्षा व्हती."

"काय? ऐकू येईना!"

"सूनबाईची परीक्षा व्हती."

"मोठ्यानं बोला की!"

मामांनी मागाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पहिल्यांदाच सरळ बघितलं, आन छाती भरून वरडले, "सूनबाईची परीक्षा व्हती! बी.ए.ची!" टपरीवर पोचलं आसंल येवढं मोठ्यानं. मंग लाज वाटून मागाच्या मागं जाऊन बसले.

पर गोष्ट हितंच संपली न्हाय. ज्या घरात मयत झालं तितं चूल पेटवत न्हाईत, शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणून देत्यात. बोळाच्या ह्या टोकाला खरं काय ते कळलं, पर त्या टोकाच्या घरांत आजून आम्ही मेलेलेच व्हतो. दिवेलागणीला पातेली येऊ लागली. येक पिठलं, दुसरं पिठलं, ताटलीभर कडक भाकरी, येका घरनं तर आमटी पर. आणणाऱ्या बाया मान खाली घालून दारात पातेलं ठेवून गुपचूप जायच्या, त्येंला हाक मारून सांगेस्तवर त्या मागांच्या आवाजात गेलेल्या. आत्याबाई कपाळाला हात लावून बसल्या. "मयताचं पिठलं जित्त्या घरात कसं खायचं गं? आन अन्न टाकायचं तरी कसं?" मामा मागाच्या मागनं म्हणले, "वाढ हिकडं. सगळा बोळ म्हणतोय मी मेलो, मंग मी खाल्लं तर काय बिघडतंय?" त्येंनी खाल्लं. गुड्डीच्या पप्पांनी टेम्पोवरनं येऊन, काय झालं ते न इचारता आदी खाल्लं. मी पर खाल्लं, आन खोटं कशाला बोलू, येवढं चवीचं पिठलं मी आजवर खाल्लं न्हाय.

मंग आत्याबाईंनी पातेली घासली. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं न्हाय, ही पर रीत. त्या डब्यांकडं बघत हुभ्या राहिल्या, आन मंग फडताळावरनं साखरेचा डबा काढला. येकेका पातेल्यात मूठ मूठ साखर टाकली. मी म्हणलं, "आत्याबाई, निकाल लागायचाय आजून. लेखी व्हायचीया."

"गप. मयताचं खाल्लंय घरानं, त्येच्यावर गोड पडाय पायजे."

म्हणून पातेली उचलून त्या निघाल्या. मला खरंच वाटलं की रीत म्हणून. मी दारात हुभी राहून बघत व्हते. त्या पहिल्यांदा लक्ष्मीअक्कांच्या दारात गेल्या, आत माग चालू, खटाक-फटाक, आन दिवसभर दाबून धरलेला आवाज आत्याबाईंनी येकदम सोडला, "लक्ष्मी! घे साखर! सूनबाई पास झाली गं! बी.ए. पास झाली!" मंग पुढच्या दारात, "पास झाली!" मंग त्येच्या पुढच्या. बोळाच्या त्या टोकापर्यंत.

मी पळत आत आले, गुड्डीला कडंवर घेतलं, गठ्ठ्यांत बसले आन लेखीचं पुस्तक पहिल्या पानापास्नं काढलं. आख्ख्या बोळानं साखर खाल्ली व्हती.